मोटारघराचा कोंडलेला श्वास

अमेरिकेंतील मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेलीं आईबापें आतां पुण्या-मुंबईच्या प्रत्येक आळींत भेटतात. त्यांतील पुष्कळांनीं तिकडच्या रस्त्यांवर मोटारघरें पाहिलीं असतील. कांहीं त्यांत बसून हिंडूनहि आलीं असतील. मोटारघर म्हणजे पलंग, चूल, न्हाणीघर, पाण्याची टांकी असें सगळें बिऱ्हाड पोटांत घेऊन चालणारी गाडी. त्यांतल्या थोरल्या जातीच्या गाड्यांचें डिझेल एंजिन पुढें नसतें; तें अगदीं शेपटाला, निजण्याच्या खोलींतील पलंगाखालीं असतें. अशी बारा-पंधरा टनांची गाडी घाट चढतांना मध्येंच दमूं लागली, तर तें दमणें श्वासाच्या कोंडीमुळें आहे कीं दुसऱ्या कशामुळें, हें ओळखावें कसें, एवढ्याच प्रश्नाविषयीं मी आज बोलणार आहें. मी यंत्रज्ञ नव्हें. वर्षानुवर्षें शाळेंत विज्ञान शिकविलेला मास्तर आहें. परंतु हें उत्तर काढण्यास जें शास्त्र लागतें तें शाळेच्याच पुस्तकांत आहे, म्हणून हें धाडस.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. भर चढावर वेग उतरतो, मागून अवजड ट्रक येत असतात, आणि गाडींत मुलेंमाणसें बसलेलीं असतात. पुढें कारखान्यांत नेल्यावर कोणी म्हणतो इंधनाचा पंप बदला, कोणी म्हणतो टर्बोचार्जर बदला. आणि यांतील एकेका भागाची किंमत हजारों डॉलरांच्या घरांत जाते. दोष न शोधतां भाग बदलीत सुटणें ही वैद्यकी नव्हे, ती सोडत होय.

आमच्या पिढीनें कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केला आहे. कंदिलाच्या बर्नरखालच्या बारीक भोकांत किडेमकोडे नि काजळी भरली, कीं ज्योत तांबडी होते, धुरकटते आणि कांच काळी पडते. तेल तेंच, वात तीच. उणी पडते ती हवा. डिझेल एंजिनाची स्थिति हुबेहूब हीच आहे. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास साडेचौदा किलोंच्या आसपास हवा लागते. समुद्रसपाटीला एवढी हवा सुमारें बारा घनमीटर जागा व्यापते. म्हणजे सहा फूट लांब, सात फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली भरेल. ही झाली किमान गरज. प्रत्यक्षांत एंजिन त्याहून पुष्कळ अधिक हवा ओढतें, कारण हवा जेमतेम असली कीं डिझेल धूर ओकूं लागतें.

आतां प्रत्यक्ष एंजिन घेऊं. अमेरिकेंतील कित्येक मोटारघरांत कमिन्स कंपनीचें सहा सिलिंडरांचें ८.९ लिटरचें एंजिन असतें. (याच कंपनीनें किर्लोस्करांच्या भागीदारींत १९६२ सालीं पुण्यास एंजिनांची कंपनी काढली, हें पुणेकरांस सांगावयास नकोच.) दर दोन फेऱ्यांस तें एकदां आपलें सगळें पोट हवेनें भरतें. मिनिटाला दोन हजार फेऱ्या धरल्या, तर नुसत्या ओढीनें ८,९०० लिटर हवा होते. आणि टर्बोचार्जर हवा दाबून कोंबतो, म्हणून भर चढावर ती दुप्पट, सुमारें अठरा हजार लिटर होते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. या दोन आंकड्यांतील अंतर लक्षांत आलें, म्हणजे नळींतील बोटभर अडथळाहि एंजिनास कां बाधतो हें कळेल.

ही हवा येते कोठून? गाडीच्या कुशीला, मागच्या चाकांच्या आसपास एक जाळी असते. तेथून जाड नळ, मग घडीघडीच्या कागदाची गाळणी ठेवलेला डबा, मग रबराचें कोपर आणि मग टर्बोचार्जर. टर्बोच्या अलीकडच्या साऱ्या मार्गांत एंजिन हवा ओढीत असतें, म्हणून तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी असतो; पलीकडच्या मार्गांत हवा ढकलली जाते, म्हणून तेथला दाब बाहेरच्यापेक्षां अधिक असतो. हें एवढें वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेतलें असतें, कारण सगळें निदान त्यावर उभें आहे. अलीकडे अडथळा आला तर ओढ वाढते. शहाळ्यांतील नळी दोन बोटांनीं चिमटून पाहा: पाणी कमी येतें, गाल आंत जातात, आणि नळी लेचीपेची असली तर तीच मिटते.

ही ओढ मोजतात पाण्याच्या इंचांत. यू अक्षरासारख्या वाकविलेल्या पारदर्शक नळींत अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावें. एक तोंड मोकळें ठेवावें, दुसरें रबरी नळीनें हवेच्या मार्गाला जोडावें. ओढीनें एका बाजूचें पाणी चढतें, दुसरीकडचें उतरतें. दोन पातळ्यांतील अंतर पट्टीनें मोजलें कीं झालें. वातावरणाचा सगळा दाब समुद्रसपाटीला सुमारें ४०७ इंच पाणी तोलून धरतो. टर्बो असलेल्या बहुतेक मोठ्या डिझेल एंजिनांस गाळणी मळलेली असतां जास्तींत जास्त २५ इंच ओढ चालते, असा साधारण दंडक आहे. खरा आंकडा आपापल्या एंजिनाच्या पुस्तकांत पाहावा. गाळणी नवी आणि मार्ग मोकळा असेल तर दहा-पंधरा इंचांच्या आंतबाहेर वाचन येतें. म्हणजे मर्यादेपर्यंतची सगळी मौज अवघ्या सहा टक्के दाबांत चालते. ती डोळ्यांना दिसत नाहीं, कानांना ऐकूं येत नाहीं, मोजावीच लागते.

आणि ती मोजावी भर ओझ्याखालीं. गाडी दारांत उभी करून एंजिन चालूं ठेवून मोजणारे लोक आहेत. त्यांचें मोजणें व्यर्थ आहे. मिनिटाला सातशें फेऱ्यांवर तेंच एंजिन तीन हजार लिटरांच्या आसपास हवा घेतें, म्हणजे चढावरच्या एकषष्ठांश. नळींतील वळणांमुळें होणारी दाबाची तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. प्रवाह सहापट कमी, तर तूट छत्तीसपट कमी. चढावर पंचवीस इंच दाखविणारा बुजलेला नळ दारांत पाऊण इंचहि दाखविणार नाहीं. गाडी चढाला लागलेली, पाय पुरा दाबलेला आणि फेऱ्या भरात असल्या, तरच तें वाचन कामाचें.

यासाठींच बहुतेक गाड्यांना गाळणीनंतरच्या नळावर एक लहानसा दर्शक बसविलेला असतो. त्यांतील पिवळी किंवा तांबडी दट्टी ओढीनें सरकते आणि सर्वांत अधिक ओढ जेथें झाली तेथेंच अडकून राहते. मुक्कामावर ती पाहावी आणि कळ दाबून पुन्हां शून्यावर आणावी. युक्ति नामी आहे, परंतु दर्शकावर आंधळा विश्वास नको. त्याचें बारीक भोंक धुळीनें बुजलें किंवा जोडनळीला चीर गेली, तर तो जन्मभर हिरवाच राहतो. त्याला तोंडानें हलकेंच ओढून पाहिलें कीं दट्टी सरकते कीं नाहीं हें समजतें. दुसरी गोष्ट, दर्शक आपल्यापर्यंतचाच अडथळा सांगतो. त्याच्या पुढें, टर्बोच्या तोंडाशीं असलेलें रबरी कोपर आंतून सुटून ओढीनें मिटत असेल, तर त्याला त्याची वार्ताहि नसते. उष्णतेनें नि तेलानें मऊ झालेलें असें कोपर थंडपणीं हातानें दाबून पाहावें. उभ्या गाडींत तें अगदीं निरोगी दिसतें आणि चढावर मात्र गळा आवळतें. म्हणून यू-नळीचें तोंड शक्य तितकें टर्बोजवळ जोडणें बरें.

येथें एक उदाहरण देतों. माझा भाचा डेन्व्हर शहरीं राहतो. तेथून पश्चिमेकडे जातांना आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे सुमारें अकरा हजार फुटांपर्यंत, रस्ता चढत जातो. हिवाळाभर उभें असलेलें मोटारघर त्यानें वसंतांत काढलें, नवी गाळणी घातली, आणि त्याच घाटांत गाडीनें धाप टाकली. पाठीमागें काळा धूर. एका कारखान्यानें टर्बोचार्जर बदलण्याचा सल्ला दिला. त्यानें मला फोन केला: "मामा, गाळणी कोरी आहे, तरी दर्शक तांबड्यावर जातो. तेव्हां दर्शकच बिघडला असणार." मीं म्हटलें, "अरे, नव्या गाळणीनें नळ थोडाच नवा होतो? आधीं मोज." एका फळीवर दोन हात उंचीची यू-नळी बसविली, मध्यें एक रिकामी बाटली जोडली, म्हणजे पाणी उसळलें तरी एंजिनांत न जातां बाटलींत पडावें, आणि पाणी फार नाचूं नये म्हणून नळींत कापसाचा सैल बोळा घातला. जोडनळी पलंगाखालच्या झांकणांतून पुढें जेवणाच्या बांकापर्यंत आणली. आंतून हवा वाहात नसल्यामुळें ही नळी कितीहि लांब असली तरी वाचन बदलत नाहीं. बांकावर पट्टा बांधून बसलेल्या भाचेसुनेनें चढावर आंकडा वाचला: एकतीस इंच. मग जाळीपासून डब्यापर्यंतचा नळ सोडविला, गाळणी जागच्या जागीं ठेवली, आणि त्याच चढावर, त्याच गियरांत पुन्हां वाचलें: अकरा. वीस इंच त्या सोडविलेल्या नळांत होते. त्याच्या वळणांत उंदराचें घरटें निघालें: भिंतींतील कापूस, सुकें गवत आणि धान्याचे दाणे. टर्बो बिचारा निर्दोष होता.

या रीतींत एक पथ्य आहे. जाळीकडचा नळ थोडा वेळ सोडला तर चालतें, कारण गाळणी राखण करीत असते. परंतु गाळणी काढून गाडी एक फर्लांगहि चालवूं नये. चिमूटभर बारीक धूळ सिलिंडरांत गेली तरी कड्या झिजतात, आणि हें नुकसान भरून येत नाहीं.

मोटारघराला हें दुखणें विशेष कां जडतें, याचीं कारणें त्याच्या राहणींतच आहेत. तें वर्षांतील बरेच महिने उभें असतें, आणि उभ्या गाडीचा नळ उंदरांना व गांधीलमाश्यांना भाड्यावांचून मिळालेली जागा वाटते. एंजिन मागें असल्यामुळें चाकांनीं उडविलेल्या धुळीच्या लोटांतूनच त्याला श्वास घ्यावा लागतो. ॲरिझोना राज्यांत क्वार्टझ्साइट या गांवापाशीं दर हिवाळ्यांत हजारों मोटारघरें वाळवंटांत उतरतात. तेथल्या कच्च्या रस्त्यांवर एकामागून एक चाललेल्या गाड्यांत शेवटच्या गाडीची गाळणी काय भोगीत असेल, ती कल्पनाच करावी. पावसांत तर वेगळाच प्रकार होतो. चाकांचें पाणी जाळींतून शिरून कागद भिजतो, फुगतो आणि त्याचीं छिद्रें मिटतात. दर्शक तांबडा होतो आणि दोन कोरड्या दिवसांनीं पुन्हां ठीक दिसतो. डब्याच्या तळाशीं पाणी गळून जाण्यासाठीं जी रबरी चोंच असते ती चिखलानें बुजलेली नाहीं ना, हें अशा वेळीं पाहावें. आणि एकदां भिजून सुकलेला कागद पूर्वीच्या ताकदीचा राहात नाहीं, म्हणून तो बदलावा.

गाळणी उघडून, बॅटरीचा उजेड टाकून ती मळली आहे कीं नाहीं हें ठरविण्याची संवय पुष्कळांस असते. ती वाईट. काळीकुट्ट दिसणारी गाळणी चांगली वाहती असूं शकते, आणि पांढरी दिसणारी बुजलेली असूं शकते. शिवाय थोडी मळलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षां बारीक धूळ अधिक अडविते, कारण साचलेला धुळीचा थर हीच दुसरी गाळणी होते. चहाची गाळणी भुकटीनें भरल्यावर चहा अधिक स्वच्छ पण अधिक सावकाश उतरतो, तसेंच हें. दरवेळीं उघडतांना मात्र आंतल्या स्वच्छ बाजूस धूळ सांडण्याचें भय असतें. दाबाच्या हवेनें झटकणें तर त्याहून वाईट. कागदाला डोळ्यांस न दिसणारीं भोकें पडतात. याचा अर्थ ती जन्मभर ठेवावी असा नव्हे: कागद नि त्याचा गोंद वयानेंहि थकतो, म्हणून कांहीं निर्माते वर्षांची मर्यादा घालून देतात, ती पाळावी.

ओढीचें वाचन बरोबर आलें आणि तरीहि गाडी दमते, तर श्वासाचा पिच्छा सोडून द्यावा. धूर नाहीं, नुसती शक्ति कमी, तर इंधनाच्या गाळणीकडे वळावें. काळा धूर आहे पण ओढ कमीच आहे, तर टर्बोच्या पलीकडची एखादी नळी किंवा हवा थंड करणारी जाळी फुटून दाबलेली हवा बाहेर निसटत असेल. तेथें बहुधा फुसफुस ऐकूं येते. मात्र धुराच्या साक्षीवर २००७ नंतरच्या अमेरिकन गाड्यांत फारसें विसंबूं नये. त्यांच्या धुराड्यांत काजळी पकडणारी गाळणी असते, त्यामुळें हवा कमी पडली तरी पाठीमागें कांहींच दिसत नाहीं. तेथें खूण निराळी: सांचलेली काजळी जाळून टाकण्याची क्रिया पूर्वी आठवड्यानें होत असेल तर ती दोन दिवसांनीं होऊं लागते.

उंचीचा हिशेबहि ध्यानांत ठेवावा. त्या बोगद्यापाशीं हवेचा सगळा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारें २७० इंच पाणी एवढाच उरतो. समुद्रकांठीं पंचवीस इंच म्हणजे सहा टक्के; तेथें तेच नऊ टक्क्यांवर जातात. कोंडलेल्या मार्गाची गाडी मैदानांत मुकाट चालते आणि डोंगरांत तक्रार करते, ती यामुळें. तेवढ्यावरून पातळ हवेला दोष देऊन गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. पातळ हवेनें सगळ्याच गाड्या थोड्या मंदावतात, पण शेजारून तशीच दुसरी गाडी सहज पुढें जात असेल तर यू-नळी काढावी. तिची किंमत पांच-दहा डॉलरांहून अधिक नाहीं.

भाच्यानें आतां हिवाळ्यांत जाळीवर बसविण्यासाठीं पाव इंची भोकांची तारेची झडप केली आहे. ती लावलेली असतां गाडी चालवूं नये म्हणून तिच्या दोरीचें दुसरें टोंक तो सुकाणूच्या चाकाला बांधतो.