स्तनाचा कर्करोग : किरणोपचाराची रेषा डॉक्टरागणिक का बदलते?

गोंदियाहून हावडा-मुंबई मार्गावर एका दिशेला नागपूर लागते, तर दुसऱ्या दिशेला रायपूर. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर या भागातील महिलेला किरणोपचारासाठी दोन्हीकडे जाता येते. रायपूरमध्ये आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र जुने आहे, तर नवा रायपूरमधील बाल्को मेडिकल सेंटर २०१८ मध्ये सुरू झाले. मात्र दोन शहरांतील दोन डॉक्टर तिच्या एकाच सीटी स्कॅनवर उपचाराची सीमा सारखीच आखतील, याची खात्री देता येत नाही.

उपचारापूर्वी डॉक्टर स्कॅनच्या एकेका छेदचित्रावर संगणकाच्या साहाय्याने रेषा काढतात. कोणत्या भागाला किरणे द्यावयाची आणि हृदय व फुप्फुस कसे वाचवावयाचे, हे त्यावरून ठरते. यंत्र या रेषांचेच पालन करते. मूळ रेषा सरकलेली असेल, तर अत्याधुनिक यंत्रही किरणे तितक्याच अचूकपणे चुकीच्या जागी पोहोचविते.

अमेरिकेतील एका अभ्यासात आठ संस्थांमधील नऊ तज्ज्ञांना तीन रुग्णांचे स्कॅन देण्यात आले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही भागांच्या आखणीत सामाईक क्षेत्र अवघे १० टक्के होते. हे सारे अनुभवी डॉक्टर होते, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

याचे कारण शरीररचनेतच आहे. फुप्फुसात हवा असल्याने त्याची कडा स्कॅनमध्ये स्पष्ट उमटते. स्तनाच्या ऊती मात्र काखेकडे चरबीत मिसळत जातात; त्या नेमक्या कोठे संपतात, हे चित्रात दिसत नाही. संपूर्ण स्तन काढलेला असल्यास आधाराला केवळ छातीची भिंत आणि शस्त्रक्रियेचा व्रण उरतो. काखेतील व गळपट्टीच्या हाडावरील लसिकाग्रंथींचे क्षेत्र तर जवळच्या रक्तवाहिन्यांवरून ताडावे लागते.

रेषा आखूड पडल्यास कर्करोगाच्या पेशी मागे राहण्याचा धोका असतो. ती सैल पडल्यास, विशेषतः डाव्या बाजूला, हृदयाला झळ बसते. स्वीडन व डेन्मार्कमधील महिलांच्या २०१३ सालच्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेतील प्रत्येक ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

यावरील उपाय साधे आहेत. स्कॅनपूर्वी व्रणावर व स्तनाच्या कडेला बारीक तार चिकटविली, तर ती चित्रात दिसते. सीमा कोणत्या खुणांवरून ठरवावयाची, हे सांगणारे सचित्र नकाशे अमेरिकेत तयार झाले आहेत. युरोपीय तज्ज्ञांनीही २०१५ मध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हृदय व फुप्फुसाच्या रेषा आता संगणक प्रणालीही काढतात, परंतु त्या डॉक्टरांना तपासाव्याच लागतात. सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे एकाची आखणी दुसऱ्याने पाहणे. गर्दीच्या रुग्णालयात नेमका त्यासाठीच वेळ नसतो.

पूर्वी पाच आठवडे चालणारा हा उपचार आता बहुधा तीन आठवड्यांत, ४० ग्रेच्या १५ हप्त्यांत दिला जातो. ब्रिटनमधील २०२० सालच्या चाचणीनंतर काही रुग्णांना तो एका आठवड्यात, पाच हप्त्यांतही देता येतो. हप्ते कमी झाल्याने प्रवास व खर्च वाचतो. मात्र आखणीतील चूक मध्येच सुधारण्यास अवधीही कमी मिळतो. त्यामुळे पहिल्या हप्त्यापूर्वी आपली आखणी दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिली आहे का, हे रुग्णाने विचारण्यास हरकत नाही.