मोडीत निघालेली मोटार व तिची दप्तरींची नोंद

शेतकरी कुटुंबांत मोटार ही आतां नवलाईची वस्तू राहिलेली नाहीं. कोणाच्या दारीं मोटार, कोणाच्या गोठ्याशेजारीं ट्रॅक्टर, तर कोणाकडे दोन्ही असतात. गाडी घेतांना काय काय भरावें लागतें हें विकणारा व्यापारी तोंडपाठ सांगतो. पण तीच गाडी अपघातानें अगर पुराच्या पाण्यानें निकामी झाली म्हणजे दप्तरीं काय करावयाचें, भरलेल्या पैशांपैकीं काय परत मिळतें व काय मिळत नाहीं, हें सांगणारा सहसा कोणी भेटत नाहीं. म्हणून या वेळीं त्याविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास घरचेंच निमित्त झालें. आमचे एक मेहुणे मुरबाड तालुक्यांत शेती करतात. माळशेज घाटाच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीस मालट्रकची धडक बसली. माणसें देवाच्या दयेनें वांचलीं, पण गाडी पुन्हां उभी राहण्यासारखी उरली नाहीं. विमा कंपनीनें ती पूर्ण नुकसानीची ठरविली व सांगाड्याची किंमत वजा घालून पैसे दिले. मेहुण्यांनीं तो सांगाडा एका भंगारवाल्यास दिला, आणि त्यानें मागितलें म्हणून आर.सी. बुकही देऊन टाकलें. पुढें दहा महिन्यांनीं त्यांच्या मोबाइलवर वेगमर्यादा मोडल्याचीं चलानें येऊं लागलीं. तेव्हां ते आमच्याकडे खोपटास आले व म्हणाले, "भावजी, मोटार तर मेली. मेलेल्या मोटारीस दंड कसला?" आम्हीं विचारलें, "तिचें नांव दप्तरांतून कमी केलेंत काय?" त्यावर ते गप्प राहिले.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, त्यामुळें हा प्रकार आम्हांस फेरफाराच्या नोंदीसारखाच दिसला. जमीन विकली, पैसे मोजून घेतले, ताबाही दिला. पण सात-बारावर नांव तसेंच राहिलें, तर साऱ्याची मागणी कोणास येते हें वाचकांस सांगावयास नको. जमिनींत हक्क मिळविणारानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें, असें १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें कलम १४९ सांगतें. मोटारीच्या बाबतींत मुदत त्याहून पुष्कळ कमी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, वाहन नष्ट झालें किंवा कायमचें निरुपयोगी झालें असतां मालकानें चौदा दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, आपण जेथें राहतों अगर वाहन जेथें ठेवतों तेथील नोंदणी अधिकाऱ्यास तसें कळवावयाचें असतें व नोंदणीचें प्रमाणपत्र त्याच्या स्वाधीन करावयाचें असतें. गाडी मुळांत दुसऱ्या कार्यालयांत नोंदलेली असली तरी अडत नाहीं. समजा, गाडीचा क्रमांक ठाण्याचा म्हणजे एम.एच. ०४ आहे, व मालक राहतो कल्याण कार्यालयाच्या हद्दींत, जेथील क्रमांक एम.एच. ०५ असतो. अशा वेळीं कल्याणास दिलेली वर्दी तेथील अधिकारी ठाण्यास पाठवितो व मूळ कार्यालय नोंद रद्द करतें.

ही नोंद रद्द न केल्यानें काय ओढवूं शकतें तें ऐका. सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत निकाल दिला. त्यांतील मोटार एकामागून एक अशी कित्येक हातांत विकली गेली होती, परंतु नोंद मात्र पहिल्याच्याच नांवावर राहिली होती. पुढें तिच्यामुळें अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. न्यायालयानें सांगितलें कीं, कायद्याच्या दृष्टीनें दप्तरीं ज्याचें नांव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. आमच्या मेहुण्यांना आलीं तीं चलानें म्हणजे त्या मानानें किरकोळच म्हणावयाचीं.

भंगारवाला आर.सी. बुक कां मागतो, हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येत नाहीं. लोखंड वितळवावयाचें तर कागदाचें काय काम? कागदासह सांगाड्यास भाव अधिक मिळतो तो दोन कारणांनीं. एक तर घेणारा ती गाडी जोडून पुन्हां रस्त्यावर आणतो. दुसरें कारण वाईट आहे: त्याच बनावटीची चोरीची गाडी आणून तिच्यावर मोडक्या गाडीचा क्रमांक चढविण्याचे प्रकार आपल्या देशांत अनेक वेळां उघडकीस आलेले आहेत. विमा कंपनीही हिशेब मांडतांना सांगाड्याचे दोन भाव धरूं शकते, कागदासह व कागदाशिवाय. कागदासहचा भाव पाहून भुलूं नये. कां, तें पुढील हिशेबावरून दिसेल.

आतां पैशांकडे वळूं. येथें फी व कर यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण लोक दोहोंस मिळून "रजिस्ट्रेशनचे पैसे" म्हणतात व तेथेंच घोटाळा होतो. नोंदणीची फी ही सरकारनें नोंद केली त्या कामाबद्दल असते. लहान खासगी मोटारीस २०१६ च्या दराप्रमाणें ती ६०० रुपये आहे. काम झालें, फी संपली. ती परत मिळत नाहीं. नक्कल घेण्यासाठीं भरलेली फी आमच्या कचेरींतही कधीं परत गेली नाहीं. कराचें तसें नाहीं. आपल्या राज्यांत खासगी मोटारीचा कर आरंभींच एकरकमी घेतात, व तो पुढील पुष्कळ वर्षांच्या वापराबद्दल असतो. मध्येंच गाडी मोडीत निघून नोंद रद्द झाली, तर न वापरलेल्या काळाच्या मानानें कांहीं भाग परत देण्याची तरतूद १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमांत आहे. नोंदणीपासून जितकीं वर्षें लोटलीं असतील तितका परतावा घटत जातो. तो आपोआप मिळत नाहीं. अर्ज करावा लागतो, आणि नोंद रद्द झाल्याचा पुरावा जोडावा लागतो. सरकारी खजिन्यांतून न मागतां कांहीं बाहेर पडलेलें आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

रक्कम कांहीं थोडी नसते. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीस कराचा दर शेंकडा ११, डिझेलवरील मोटारीस १३. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ८८,००० रुपये कर झाला. विम्याच्या भरपाईंत हा पैसा येतो अशी कित्येकांची समजूत असते, ती चुकीची आहे. विमेवाले ज्याला आय.डी.व्ही. म्हणतात ती किंमत गाडीच्या विक्रीच्या मूळ किमतीवरून धरतात. तींत कर व नोंदणीचा खर्च धरीत नाहींत, आणि वर घसारा कापतात. सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पांचपर्यंत ५०, असा तो क्रम आहे. आमच्या मेहुण्यांची गाडी आठ लाखांची व तिसऱ्या वर्षांतली. तेव्हां ३० टक्के वजा जातां ५,६०,००० राहिले. गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा मिळून खर्च या रकमेच्या शेंकडा ७५ हून, म्हणजे ४,२०,००० हून, अधिक जात असेल तर पूर्ण नुकसान धरतात. यांत ८८,००० चा कोठेंच उल्लेख नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. नव्या गाडीस "रिटर्न टू इन्व्हॉइस" नांवाची जोड विम्यांत घेतां येते. ती घेतली असल्यास कर व नोंदणीचा खर्च बहुधा विमा कंपनीकडून मिळतो. ती नसेल तर परताव्याचा अर्ज हाच मार्ग.

कर्जावर घेतलेल्या गाडीची गोष्ट निराळी. सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असतो तसाच आर.सी.वर बँकेचा असतो. विम्याचे पैसे आधीं बँकेकडे वळतात. बाकी फिटली म्हणजे बँकेकडून ना-हरकत दाखला व नमुना ३५ सह्या करून घ्यावा, म्हणजे बोजा उतरतो. तो उतरल्याशिवाय नोंद रद्द होण्यास अडचण पडते. चलानांची बाकीही आधींच भरून टाकावी. अपघाताच्या पोलीस पंचनाम्याची नक्कल, विमा कंपनीचें पूर्ण नुकसानीचें पत्र, आणि मूळ आर.सी. हे कागद हाताशीं ठेवावे. अधिकारी बहुधा चेसिसवरील क्रमांकाचा पत्रा कापून आणावयास सांगतात, म्हणून सांगाडा हलविण्यापूर्वीं चौकशी करावी. अर्जाची पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये. हा सल्ला आम्ही खिडकीच्या आंतल्या बाजूस बसून शिकलों आहों.

२०२१ पासून आणखी एक वाट मोकळी झाली आहे. त्या वर्षीं केंद्र सरकारनें वाहनें मोडण्याच्या अधिकृत केंद्रांसंबंधीं नियम केले. अपघात, आग किंवा नैसर्गिक आपत्तीनें निकामी झालेली गाडीही मालकाच्या लेखी कबुलीवर तेथें देतां येते. केंद्र त्याबद्दल जें ठेव-प्रमाणपत्र देतें तें दाखविल्यास नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. करांतही सवलत असते; तिची कमाल मर्यादा केंद्रानें खासगी वाहनास शेंकडा २५ व व्यापारी वाहनास १५ ठेविली असून प्रत्यक्ष दर राज्य सरकार ठरवितें. विमा कंपनीनें सांगाडा स्वतःकडे घेतला तर हें प्रमाणपत्र आपल्या हातीं पडत नाहीं, म्हणून सांगाडा कोणी ठेवावयाचा हें भरपाईच्या कागदावर सही करण्यापूर्वींच ठरवावें.

ट्रॅक्टरवाल्यांसाठीं एक वेगळी सूचना. ट्रॉलीची नोंद ट्रॅक्टरहून स्वतंत्र असते. ट्रॅक्टर मोडला व ट्रॉली शाबूत राहिली, किंवा उलट झालें, तर जें निकामी झालें त्याचीच नोंद रद्द करावी. दोन्ही निकामी झालीं तर अर्ज दोन करावे. एका अर्जांत दोन्ही उरकण्याचा प्रयत्न केलेले गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना तीन हेलपाटे पडले.

मेहुण्यांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. त्यांची गाडी कोणीतरी जोडून रस्त्यावर आणलेली होती, त्यामुळें नोंद रद्द करण्याचा प्रश्नच उरला नाहीं. चालत्या गाडीस मेलेली कसें म्हणावें? भंगारवाल्यास दोन वेळां भेटून घेणाराचा पत्ता मिळविला, आणि नमुना २९ व ३० भरून गाडी त्याच्या नांवावर केली. चलानांपैकीं कांहीं त्यानें भरलीं, कांहीं मेहुण्यांनीं. आर.सी. बुकामुळें भंगारवाल्यानें जास्त दिलेले होते ते बारा हजार. कराचा परतावा मात्र गेला तो गेलाच.