बाबासाहेबांचा रुपया : विकायचा की जपायचा?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी मला घरी बोलावून घेतले. लोकांची धुणीभांडी करून त्यांनी आयुष्य काढले आहे. फळीवरचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे उपडा केला. एक-एक रुपयाची सतरा नाणी खाली पडली. प्रत्येकावर बाबासाहेबांची प्रतिमा. जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेले हे नाणे सुट्ट्या पैशांत हाती आले की मावशी ते कधी मोडत नसत. "बाबासाहेबांना वाण्याच्या गल्ल्यात कसं टाकायचं, बाळा?" असे त्या म्हणाल्या.

पण मला बोलावण्याचे कारण वेगळे होते. फोनवर कोणीतरी त्यांना सांगितले होते की, या एका नाण्याचे लाख रुपये मिळतात. आधी नोंदणीचे दोन हजार भरा. मावशींनी भरले. आता कराचे म्हणून आणखी तीन हजारांची मागणी आली होती. "भरू का?" असे त्या विचारत होत्या.

मी नको म्हटले. गेलेले दोन हजार मात्र गेलेच. ही एकट्या मावशींची गोष्ट नाही. सुट्ट्या पैशांतले वेगळे नाणे बाजूला काढून ठेवण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भावनेने न देता विचाराने दिले पाहिजे.

पहिली वस्तुस्थिती ही की, १९९० चा तो रुपया दुर्मीळ नाही. तो तांबे-निकेलचा आहे आणि चलनात फिरावा म्हणूनच पाडला गेला. नाण्याला किंमत येते ती त्याच्या दुर्मीळपणामुळे, उत्तम स्थितीमुळे किंवा टांकसाळीत झालेल्या एखाद्या चुकीमुळे. हजारो हातांतून फिरून झिजलेल्या नाण्याला लाख रुपये देणारा वेडा या जगात नाही. असा वेडा भेटलाच तर तो आधी तुमच्याकडून पैसे मागणार नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. तरीही बँकेच्या नावाची खोटी पत्रे दाखवून गरिबांना लुटले जात आहे. लुटणाऱ्याला ठाऊक असते की, ज्याच्या घरात सोने नाही त्याच्या घरात आशा असते.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांनीच शिकवली आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला आहे? रुपयाची खरी किंमत तो किती वस्तू विकत घेऊ शकतो यावर ठरते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. १९२५ साली भारतीय चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मजुराची बाजू मांडली. भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा वाढीव नफा मजुराच्या खिशातून जातो. या कसोटीवर मावशींचा डबा तपासा. १९९० च्या रुपयाला जी ताकद होती ती आज नाही. त्यात आज टपरीवरचा कटिंग चहासुद्धा येत नाही. म्हणजे बचत म्हणून नाणी साठवणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. बचत करायची असेल तर बँकेत किंवा पोस्टात करा.

उलट प्रकारही घडतो. १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, बाबासाहेबांच्या प्रतिमेचे दहा रुपयांचे नाणे निघाले. पण पुढे दहाच्या नाण्यांबद्दल अफवा उठल्या आणि दुकानदार ती नाकारू लागले. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की, दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांचे चलन वैध आहे. अशा वेळी नाणे गुपचूप खिशात परत टाकू नका. ते चालते, हे ठणकावून सांगा. घटनाकारांची प्रतिमा असलेले नाणे बाजारात फिरले पाहिजे. ते डब्यात बंद राहून कोणाचा सन्मान होतो?

मग काहीच जपू नये काय? जपावे, पण वेगळ्या कारणासाठी. कनिष्काच्या सुवर्णनाण्यावर तथागतांची उभी मूर्ती आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे लिहिले आहे. अगाथोक्लीज या राजाच्या नाण्यांवर एकीकडे ग्रीक, तर दुसरीकडे ब्राह्मी अक्षरे आहेत. १८३६ साली लासेन या विद्वानाने त्यांच्या आधारे काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. पुढच्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या दानलेखांतला 'दानं' हा शब्द ओळखला आणि सम्राट अशोकाचे लेख बोलू लागले. हे प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत धातू पारखणारे अधिकारी होते. सामान्य उपासक-उपासिकांच्या दानाची नोंद दगडावर राहिली, राजांची नावे नाण्यांवर राहिली, म्हणून बुद्धभूमीचा इतिहास पुन्हा उभा राहिला. नोंद राहिली नसती तर काय उरले असते?

म्हणून माझे सांगणे एवढेच. एखाद-दुसरे नाणे जपा, बाकीची खर्च करा. नाण्याला चिंच-राख लावून घासू नका, कागदी पाकिटात ठेवा. सालाखाली टांकसाळीची खूण असते. हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा आणि खूण नसेल तर कोलकात्याचे. ती मुलांना दाखवा. आणि पाकिटावर लिहा : हे नाणे कोणाला, कोणत्या साली, कोणत्या कामाच्या पैशांत मिळाले. या नोंदीविना नाणे म्हणजे धातूचा तुकडा. त्यापुढे उदबत्ती लावण्याचा प्रकार तर बाबासाहेबांनाच मान्य झाला नसता.

मी मावशींना विचारले, यातले पहिले नाणे कोणते? त्यांनी क्षणात एक उचलले. ज्या घरी त्यांना वेगळ्या कपात चहा मिळत असे, त्या घरच्या पगाराच्या सुट्ट्यांत ते आले होते. त्याच महिन्यात त्यांनी ते काम सोडले. त्यांच्या नातीने हे सारे वहीच्या पानावर लिहून घेतले आणि ते पान नाण्यासोबत पाकिटात ठेवले. उरलेल्या सोळा रुपयांतून तिने एक पेन आणला.

लाख रुपये देणारा फोन पुन्हा आला, तेव्हा तो नातीनेच घेतला. हे नाणे विकायचे नाही, असे सांगून तिने फोन ठेवून दिला.