खोक्यात सहाच कुप्या होत्या

डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, एक बारीक गोल वण शोधा. आपल्याकडच्या बहुतेकांना तो सापडेल. जन्मानंतर टोचलेल्या बीसीजीची ती खूण. लस क्षयरोगावरची, आणि एवढं सोडलं तर तिच्याबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊक नसतं. पण याच लशीतले जिवंत जंतू बाळाला देतात त्याच्या हजारपटीनं, म्हणजे कोटींच्या हिशेबात, मोठ्या माणसाच्या मूत्राशयात सोडतात, आणि का, तर तिथला कॅन्सर परत येऊ नये म्हणून. ‘टीबीचे जंतू? लघवीच्या पिशवीत? मुद्दाम?’ डॉक्टरांनी हा उपचार सुचवला की घरातलं प्रत्येक माणूस हेच विचारतं, आणि विचारायलाच हवं. उत्तर ऐकून मात्र अचंबा आणखी वाढतो.

आधी ती पिशवी बघू. मूत्राशय रिकामं असतं तेव्हा त्याच्या आतल्या अस्तराला सुरकुत्या असतात. भरायला लागलं की सुरकुत्या उलगडतात, आणि नंतर तर अस्तराच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशीच रुंद होतात. त्या आपल्या पोटात जादा पडदा बारीक फुग्यांच्या रूपात साठवून ठेवतात. गरज पडली की तो बाहेर काढून पृष्ठभागाला जोडतात, लघवी झाली की परत आत ओढतात. या पेशींवर एका खास प्रथिनाच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात, त्यामुळे लघवीतली घाण उलट रक्तात झिरपत नाही. अर्धा लिटर विषारी पाणी तासन्‌तास सांभाळायचं आणि थेंबभरही आत जाऊ द्यायचं नाही! शरीरातल्या सगळ्यात पक्क्या बांधांपैकी हा एक.

दुखणंही इथूनच सुरू होतं. आपण फुप्फुसात ओढलेला सिगारेटचा किंवा बिडीचा धूर रक्तात जातो, मूत्रपिंडं त्यातली रसायनं गाळतात आणि ती येऊन थांबतात या पिशवीत. धूर गेला छातीत, मुक्काम मात्र मूत्राशयात. 1895 साली लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जननं फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये या कॅन्सरचे तीन रुग्ण पाहिले आणि रंगाच्या रसायनांवर बोट ठेवलं. तंबाखूच्या धुरात त्याच जातीची रसायनं सापडतात. आज या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच आहे.

पहिली खूण म्हणजे लघवीतून रक्त, बहुतेकदा अजिबात न दुखता. एकदा येतं, आपोआप थांबतं, आणि माणूस ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विसरून जातो. रक्ताचं हे थांबणं फार फसवं असतं. मग कधीतरी सिस्टोस्कोपी होते. मूत्रमार्गातून दुर्बीण आत जाते आणि पडद्यावर पाण्यात डुलणारे गुलाबी, झालरीदार कोंब दिसतात. दिसायला चक्क सुंदर! त्याच वाटेनं विजेच्या तारेची कडी आत घालून डॉक्टर ते खरवडून काढतात. पोटावर एकही टाका नाही.

निदान होतं तेव्हा साधारण चारांतल्या तिघांचा कॅन्सर अस्तरापुरताच असतो, खालच्या स्नायूत उतरलेला नसतो. एवढं चांगलं. वाईट हे, की खरवडून काढला तरी तो पुन्हापुन्हा उगवतो, कधी त्याच जागी, कधी दुसरीकडे. उगवूच नये म्हणून काय करायचं? इथे आपली दंडावरची लस परत येते, आणि तिच्यासाठी आपल्याला फ्रान्समध्ये जावं लागतं.

1908 साली लिल शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ हे दोघं गाईंना होणाऱ्या क्षयाचा जंतू वाढवत होते. जंतूंच्या गुठळ्या होत म्हणून त्यांनी बटाट्याच्या कापांत ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त मिसळलं. गुठळ्या मोडल्या. पण दिसलं भलतंच, जंतू मवाळ होत चालला होता. मग दर तीन आठवड्यांनी जुन्या कापावरून नव्या कापावर, असं त्यांनी त्याला तब्बल 13 वर्षं नांदवलं. 230 वेळा! मधे पहिलं महायुद्ध आलं, लिल जर्मनांच्या ताब्यात गेलं, बटाटे आणि पित्त मिळवणं मुश्कील झालं, तरी कापांची साखळी तुटू दिली नाही. 1921 मध्ये पहिल्या बाळाला लस पाजली गेली. जिवंत आहे पण रोग करत नाही, असा जंतू तयार झाला होता. का करत नाही, हे त्या दोघांना कधीच कळलं नाही. सत्तरेक वर्षांनी जनुकं वाचता आली तेव्हा दिसलं, की त्या बटाट्यांवरच्या मुक्कामात जंतूच्या जनुकांचा एक तुकडाच गळून पडला होता.

इकडे 1929 मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी चाळताना एक विचित्र गोष्ट टिपली. क्षय झालेल्यांत कॅन्सर कमी दिसत होता. 1959 मध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी बीसीजी दिलेले उंदीर कॅन्सरला जास्त दाद देत नाहीत, हे दाखवलं. मग जगभर बीसीजीची लाटच आली. रक्ताचा कॅन्सर, त्वचेचा कॅन्सर, जिथे सुचेल तिथे ती टोचून झाली, आणि यथावकाश लाट ओसरलीही. टिकली ती फक्त मूत्राशयात.

कॅनडातल्या किंग्स्टन शहरातल्या क्वीन्स विद्यापीठातले आल्व्हारो मोरालेस यांनी 1976 मध्ये अवघ्या नऊ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. मूत्राशयच का, तर बीसीजीनं काम करायचं असेल तर ती कॅन्सरला थेट भिडायला हवी, आणि कॅन्सरचा पसारा लहान हवा. मूत्राशयात दोन्ही साधतं. नळीनं औषध सोडा, दोन तास कोंडून ठेवा, मग बाहेर काढा. अशी बाहेरून उघडता-मिटता येणारी बंद खोली शरीरात दुसरी कुठे मिळणार?

आता गंमत ऐका. डोस किती द्यायचे आणि किती दिवसांनी? एका डोसाचा त्रास आठवड्याच्या आत शमायचा, म्हणून आठवड्याला एक. आणि एकूण सहा. सहाच का? कारण त्यांना मिळणाऱ्या बीसीजीच्या खोक्यात सहा कुप्या असायच्या! आज पन्नासेक वर्षांनंतर मुंबईपासून माद्रिदपर्यंत कुठेही विचारा, पहिला कोर्स आठवड्याला एक, असे सहा डोस. मला वाटलं होतं, असला योगायोग कधीतरी कोणीतरी मोडीत काढलाच असेल. प्रयत्न झालेही. युरोपात एका मोठ्या चाचणीत डोस कमी करून पाहिले, तर कमी डोस मिळालेल्यांत कॅन्सर जास्त परतायला लागला आणि चाचणी मधेच आवरावी लागली. 2020 साली ते निष्कर्ष छापून आले. खोक्याचा हिशेब बरोबर निघाला. भर पडली ती पुढच्या डोसांची. सहा झाले की तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि मग दर सहा महिन्यांनी तीन-तीन डोस, धोका जास्त असेल तर तीन वर्षांपर्यंत.

पण टीबीचा मवाळ जंतू कॅन्सरला मारतो कसा? तो मारतच नाही, निदान मुख्य काम ते नव्हे. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातून निपजलेली असते. सोसायटीतलाच एखादा भामटा रोज जिन्यात भेटतो, वॉचमन त्याला सलाम ठोकतो, कोणाला संशय येत नाही. पण एखादा परका रात्री कुंपणावरून उडी मारून आत आला, की शिट्ट्या वाजतात, दिवे लागतात, प्रत्येक मजल्याचं दार उघडतं, आणि त्या झाडाझडतीत भामटाही सापडतो. बीसीजी हा तो परका. अस्तर जिथे खरवडलं गेलंय तिथे फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन उघडं पडलेलं असतं, त्याला जंतू चिकटतात. काही कॅन्सरपेशी तर त्यांना स्वतःहून गिळतात. मग रासायनिक हाकाटी होते, आणि पांढऱ्या पेशींच्या फौजा एकामागून एक अस्तरात घुसतात. आधी न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज आणि टी पेशी. लघवी तपासली तर त्यात त्यांचे थवे दिसतात.

हे कळलं की उपचाराच्या दिवसाचा त्रासही वेगळा दिसायला लागतो. त्या सकाळी चहा-पाणी कमी घ्यायचं, म्हणजे दोन तास कळ सोसता येते. लघवीची तपासणी होते. जंतुसंसर्ग असेल, लघवीत रक्त असेल किंवा नळी घालताना जखम झाली, तर डोस पुढे ढकलतात, कारण जिवंत जंतू रक्तात जाऊन चालणार नाही. बारीक नळीतून साधारण 50 मिलिलिटर गढूळ पाणी आत जातं, नळी निघते, आणि मग घड्याळाकडे बघत बसायचं. घरी पहिले सहा तास बसूनच लघवी करायची, प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून पाव तास थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. कारण बाहेर पडणारे जंतूही जिवंतच असतात.

संध्याकाळी जळजळ, दर अर्ध्या तासाला बाथरूम, अंगात कणकण. ही त्या झाडाझडतीचीच खूण. दोन दिवसांत ती बहुधा ओसरते. ताप 101 अंशांच्या वर गेला किंवा दोन दिवसांनीही हटला नाही, तर मात्र थेट डॉक्टरांना फोन, कारण क्वचित हे जंतू शरीरभर पसरतात आणि मग टीबीचीच औषधं द्यावी लागतात. जळजळ होते म्हणून कपाटातली जुनी अँटिबायोटिक गोळी परस्पर घेऊ नका. तिच्यानं कदाचित आत सोडलेले जंतूच मरतील! आणि काहीच त्रास झाला नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही, असंही नाही.

जगात या औषधाची चणचण बरीच वर्षं आहे. 2012च्या सुमाराला टोरांटोच्या एका मोठ्या कारखान्यात पाणी शिरलं, पुढे त्या कंपनीनं हे उत्पादनच बंद केलं. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची बीसीजी बनवते. तिच्यातलं वाण 1920च्या दशकात फ्रान्समधून मॉस्कोला गेलेल्या जंतूंच्या वंशातलं. आता ही पुण्याची बीसीजी कॅनडातही जाते, जिथे हा उपचार सुरू झाला त्याच देशात.

पुढे काय, हा प्रश्न तीन महिन्यांनी सिस्टोस्कोपीच्या टेबलावर पडतो. अस्तर स्वच्छ असेल तर पुढचे डोस आणि ठरावीक काळानं दुर्बीण. अस्तरात सपाट पसरणारा, ‘सीआयएस’ म्हणतात तो प्रकार थोडा उरलेला दिसला, तर डॉक्टर कधीकधी आणखी तीन महिने वाट बघतात. तुमची प्रतिकारशक्ती अजून कामात असते आणि सहाव्या महिन्यात तो नाहीसा झालेलाही आढळतो.

निर्णयाची खरी किल्ली बायोप्सीच्या रिपोर्टात असते. त्यात दोन गोष्टी शोधा: काढलेल्या तुकड्यात स्नायू आला आहे का, आणि आला असेल तर त्यात कॅन्सर आहे का. स्नायूच आला नसेल, तर ‘स्नायूत नाही’ असं कोणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडायला सांगतात. लोकांना वाटतं, डॉक्टरांचं पहिल्यांदा चुकलं. चुकलेलं नसतं. काही मिलिमीटर जाडीच्या भिंतीत खोली मोजण्याचं ते काम आहे.

कॅन्सर स्नायूत उतरला असेल, किंवा पुरेशी बीसीजी देऊनही घातक प्रकार परतला असेल, तर मूत्राशय काढायची गोष्ट निघते. स्नायूत असेल तर आधी केमो, आणि निवडक रुग्णांत केमो-रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवायचाही पर्याय असतो. बीसीजी हरलेल्यांसाठी गेल्या काही वर्षांत नवी औषधं आली आहेत. ती इथे मिळतात का, खर्च किती, आणि ती करून बघताना कॅन्सर पुढे सरकायचा धोका किती, हे तिन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारावेत. दुसऱ्या सेंटरमध्ये रिपोर्ट दाखवला तर चांगला डॉक्टर रागवत नाही.

आणि मूत्राशय काढलंच, तर? इथला चमत्कार मला सगळ्यात जास्त थक्क करतो. सर्जन लहान आतड्याचा अर्धा मीटरभर तुकडा घेतात आणि त्याची नवी पिशवी शिवतात. पण आतडं तर सतत आवळत असतं, लघवी गळणार नाही का? म्हणून ती नळी आधी उभी चिरून उघडतात आणि मग दुमडून शिवतात. आता एका भागाचं आवळणं दुसऱ्या भागाला छेद देतं, आणि पिशवी शांत राहते. तिला जुन्यासारखी भरल्याची जाणीव मात्र नसते. तीन-चार तासांनी घड्याळ बघून जायचं, रात्री गजर लावायचा, पोटाला जोर देऊन रिकामी करायची.

दुसरा मार्ग 1950 मध्ये यूजीन ब्रिकर यांनी रूढ केला. आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन पोटावर वाट काढायची आणि बाहेर पिशवी लावायची. शस्त्रक्रिया सोपी, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर बहुधा हीच योग्य. ही वाट निवडलीत, तर ऑपरेशनच्या आधीच स्टोमा नर्सकडून (स्टोमा म्हणजे पोटावरची ही वाट) जागेची खूण करून घ्या. ती तुम्हाला बसवेल, वाकवेल, उभं करेल. साडीची गाठ कुठे येते, पँटचा पट्टा कुठे बसतो, पोटाची घडी कुठे पडते हे बघेल आणि मग पेननं एक ठिपका काढेल. तो ठिपका तुमच्या स्वतःच्या नजरेला नीट दिसतो ना, हेही तेव्हाच तपासून घ्या, कारण पुढे रोज पिशवी तुम्हालाच बदलायची आहे.