नळदुर्गचा पाणीमहाल: आधी धरण, मग महाल! ४०० वर्षांपूर्वी बोरी नदी कशी अडवली?

पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली, की नळदुर्ग किल्ल्यातल्या ‘नर-मादी’ धबधब्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. पण हे धबधबे नैसर्गिक नाहीत. ते एका जुन्या धरणाचे सांडवे आहेत.

धरण कोणी बांधलं?
विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये ते बांधलं गेलं. किल्ला मात्र त्याहून बराच जुना आहे.

गरज काय होती?
हा भाग कमी पावसाचा. वेढा पडला तर किल्ल्यातली शिबंदी आणि वस्ती पाण्याच्या साठ्यावरच तग धरणार. एका बांधाने तीन कामं साधली:
• नदीचं पाणी किल्ल्यालगत साठलं.
• तटाखाली खोल पाणी राहिल्याने त्या बाजूने चढाई अवघड झाली.
• नदीपलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याकडे जायला वाट मिळाली.

नर-मादी म्हणजे काय?
पुराचं पाणी भिंतीवरून वाटेल तिथून वाहू लागलं, तर बांधाला धोका. म्हणून जादा पाण्यासाठी दोन वाटा ठरवून ठेवल्या. त्याच या नर आणि मादी.

मग महाल कुठे आहे?
बांधाच्या भिंतीच्या पोटात. पायऱ्या उतरून आत गेलं, की सज्जातून समोर कोसळणारं पाणी दिसतं. पाहणारा मात्र कोरडा राहतो.

अभ्यासकांचं लक्ष कसं गेलं?
१८५३ मध्ये निजामाने हा मुलूख कंपनी सरकारकडे सोपवला. तेव्हा नळदुर्गला अधिकारी म्हणून आले फिलिप मेडोज टेलर. १८५७ पर्यंत ते इथे होते. आत्मचरित्रात त्यांनी या बांधाविषयी लिहिलं. १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ निघाला. त्यातला इतिहास टेलर यांनी लिहिला, तर वास्तुकलेवरची टिपणं जेम्स फर्ग्युसन यांची होती.

विजापूरशी नातं काय?
आदिलशाही म्हटलं की गोल घुमट आठवतो. पण त्या शहरालाही तोरवीहून जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी आणलेलं होतं. १६५१ मध्ये तिथे बेगम तलाव बांधला गेला. शहर असो की किल्ला, पाण्याची सोय हा बांधकामाचाच भाग होता. नळदुर्गात तर धरण आणि महाल एकाच भिंतीत आहेत.

कधी पाहावं?
धबधबे पावसाळ्यातच दिसतात. पण बांधाची भिंत, सांडवे आणि महालाची मांडणी नीट समजून घ्यायची असेल, तर पाणी ओसरल्यावर एकदा नक्की जा.