उलटलेल्या रोगावर नव्या औषधाची परीक्षा

ताप उलटला, विषमज्वर उलटला, हे शब्दप्रयोग आपल्या घरोघर परिचयाचे आहेत. उतार पडलेला रोग पुन्हां उचल खातो तेव्हां घरांतील माणसांना पहिल्या खेपेपेक्षां अधिक धक्का बसतो. कारण जवळ होतें तें औषध वापरून झालेलें असतें. त्यांतून उलटलेला रोग कर्करोग असला, तर कित्येक कुटुंबें उपचाराची आशाच सोडून देतात. आज ज्या रोगाविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या बाबतींत ही निराशा पुष्कळ वेळां अनाठायीं ठरते. ती अनाठायीं आहे हें वैद्यकाला कोणत्या मार्गानें कळलें, तेंच मुख्यतः सांगावयाचें आहे.

हा रोग बीजपेशींचा. पुढील पिढी ज्यांपासून व्हावयाची त्या पेशी गर्भावस्थेंतच वेगळ्या निघतात, आणि पुरुषाच्या वृषणांत किंवा स्त्रीच्या बीजकोशांत जाऊन राहतात. त्यांच्यांत बिघाड होऊन जी गांठ वाढते तिला बीजपेशींचें अर्बुद म्हणतात. पुरुषांत तें बहुधा वृषणांत होतें. क्वचित् पोटाच्या मागील भागांत किंवा छातीच्या मध्यभागींही होतें. कर्करोग हा म्हातारपणचा रोग असा आपला समज आहे. हें अर्बुद मात्र विशी-तिशींतील तरुणांना गांठतें. गांठ बहुधा दुखत नाहीं, आणि जागा अशी कीं, मुलगा बापाला सांगत नाहीं व बाप मुलाला विचारीत नाहीं. ह्या लाजेपायीं किती महिने फुकट जातात याचा विचार केला म्हणजे वाईट वाटतें.

पन्नास वर्षांपूर्वीं हा रोग वृषणाबाहेर फुप्फुसांपर्यंत पसरला म्हणजे रोगी वांचणें विरळा. ही स्थिति पालटली ती एका धातूमुळें, आणि तोही शोध कर्करोगाचा पाठलाग करतांना लागलेला नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा सूक्ष्म जंतूंच्या वाढीवर काय परिणाम होतो हें पाहात होते. जंतू मरेनात, पण त्यांचें विभागणें थांबलें आणि ते दोऱ्यासारखे लांबच लांब वाढूं लागले. शोध घेतां घेतां आढळलें कीं, यांत विजेचा कांहीं संबंध नव्हता. वीज आंत सोडण्यासाठीं प्लॅटिनमचीं जीं टोकें द्रवांत बुडविलेलीं होतीं, त्यांचा अंश विरघळून एक संयुग तयार झालें होतें, आणि तें पेशींचें विभागणें रोखीत होतें. ही हकीकत १९६५ सालीं प्रसिद्ध झाली. गंमत अशी कीं, तें संयुग इटलीतील मिकेले पेरोने या रसायनज्ञानें १८४४ सालींच बनविलें होतें, आणि शंभर-सव्वाशें वर्षें तें रसायनाच्या ग्रंथांत निरुपद्रवीपणें पडून होतें! त्यालाच आज सिसप्लॅटिन म्हणतात. १९६९ सालीं त्यानें उंदरांचीं अर्बुदें विरतात असें दिसून आलें, आणि मग माणसांची पाळी आली.

माणसावरील पहिली परीक्षा गुणाची नसते, मात्रेची असते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. ज्यांना दुसरा उपाय उरलेला नाहीं अशा थोड्या रोग्यांना प्रथम लहान मात्रा देतात. ती सोसली तर पुढील रोग्यांना थोडी वाढवून देतात. आणि विषाचा अंमल सोसवेनासा होतो तेथें थांबून त्याच्या एक पायरी खालची मात्रा मुक्रर करतात. सिसप्लॅटिन ह्या पायरीवरच बाद व्हावयाचें होतें. ओकाऱ्या अनावर होत; मूत्रपिंडें बिघडत; कानांनाही इजा पोंचे. परंतु औषधापूर्वीं व औषधानंतर शिरेवाटे भरपूर क्षारजल देऊन लघवी वाहती ठेवली तर मूत्रपिंडें पुष्कळ अंशीं सांभाळतां येतात, ही युक्ति सांपडली. इतकी साधी गोष्ट. पण तिच्यावांचून हें औषध कपाटांतच राहिलें असतें.

१९७४ सालीं इंडियाना विद्यापीठांतील डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनीं सिसप्लॅटिनला दोन जुन्या औषधांची जोड दिली. त्यांपैकीं एक व्हिनब्लास्टिन. तें निघतें आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून. दुसरें ब्लिओमायसिन. १९७७ सालीं त्यांनीं आपल्या पहिल्या सुमारें पन्नास रोग्यांचा अहवाल छापला. शंभरांत ७४ या प्रमाणांत रोग पूर्ण नाहींसा झाला होता. उरलेल्यांपैकीं कांहींजणांची शिल्लक गांठ शस्त्रक्रियेनें काढून टाकल्यावर तेही रोगमुक्त झाले. पसरलेल्या कर्करोगाच्या बाबतींत असा आंकडा त्यापूर्वीं कोणी क्वचितच पाहिला असेल. पुढें व्हिनब्लास्टिनच्या जागीं एटोपोसाइड आलें, आणि निकाल आणखी सुधारला.

तरीही कांहींजणांचा रोग उलटतोच. सिसप्लॅटिनलाही दाद न देणाऱ्या, म्हणजे निवडून निवडून चिवट राहिलेल्या पेशींशीं आतां गांठ असते. अशा रोग्यासाठीं नवें औषध आलें, तर तें खरोखर उपयोगी आहे कीं नाहीं, हें ओळखावयाचें कसें?

येथें ह्या रोगानें वैद्यांवर एक उपकार केला आहे. बीजपेशींचीं पुष्कळशीं अर्बुदें आपली खूण रक्तांत सोडतात. गर्भाचें यकृत जें एक प्रथिन बनवितें, आणि गर्भवती स्त्रीच्या लघवीच्या तपासणींत जें द्रव्य शोधतात, तीं दोन्हीं ह्या रोगांत तरुण पुरुषाच्या रक्तांत आढळतात. पहिल्याचें नांव अल्फा-फीटोप्रोटीन, दुसऱ्याचें एचसीजी. प्रौढ पुरुषाच्या शरीरांत तीं इतक्या प्रमाणांत असण्याचें एरवीं फारसें कारण नाहीं. अर्बुद मेलें कीं त्यांची निपज थांबते, आणि जें रक्तांत उरतें तें ठराविक गतीनें ओसरतें: पहिलें पांच ते सात दिवसांत निम्मे होतें, दुसरें दीड दिवसाच्या आंतबाहेर. म्हणजे पहिल्याचा आंकडा आज १६०० असेल व औषध पूर्ण लागू पडलें असेल, तर आठवड्यानें ८००, पुढच्या आठवड्यास ४००, नंतर २००, असा उतार पडला पाहिजे. उतार याहून संथ असेल तर कोठें तरी पेशी जिवंत आहेत असें समजावें. इतर कित्येक कर्करोगांत औषधाचा गुण ताडून पाहण्यास गांठीच्या मापावर व छायाचित्रांवर विसंबावें लागतें. येथें रक्ताचे चार थेंब हिशेब सांगतात. अर्थात् हा हिशेबही डोळे झांकून वाचावयाचा नसतो. औषधाच्या पहिल्या कांहीं दिवसांत मरणाऱ्या पेशी फुटून आंकडा उलट चढतो, आणि कांहीं अर्बुदें मुळीं खूणच सोडीत नाहींत.

आतां गुणाची परीक्षा किती रोग्यांवर करावी? फार थोड्यांवर केली तर फसगत. फार जास्तांवर केली तर निरुपयोगी विष विनाकारण पुष्कळांच्या शरीरांत जाणार. एडमंड गेहान या संख्याशास्त्रज्ञानें १९६१ सालीं याचें जें उत्तर दिलें, तें गणित शिकविण्यांत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला फार आवडतें. समजा, औषध खरोखर पांचांत एका रोग्याला गुण देणारें आहे. मग एका रोग्याला गुण न येण्याचा संभव ०·८. दोघांनाही न येण्याचा ०·६४. चौघांनाही न येण्याचा सुमारें ०·४१. असें गुणीत गेलें कीं, चौदाव्या रोग्यापाशीं आंकडा ०·०४४ होतो. तेव्हां ओळीनें चौदा रोग्यांपैकीं एकालाही गुण आला नाहीं, तर औषध तितकें चांगलें असूनही केवळ दुर्दैवानें असें घडल्याचा संभव शंभरांत पांचांहून कमी. तेथें परीक्षा थांबवावी, आणि पंधराव्याला तें विष देऊं नये. एकाला जरी गुण आला, तरी पुढें जाऊन आणखी रोगी घ्यावे. पुढें याहून बारीक पद्धति निघाल्या. पण कल्पना हीच.

एक उदाहरण देतों. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतून पॅक्लिटॅक्सेल हें औषध मिळालें. न्यूयॉर्क येथील डॉक्टर मोट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें सिसप्लॅटिन घेऊन झालेल्या ३१ रोग्यांना एकटें देऊन पाहिलें, आणि १९९४ सालीं निकाल छापला. गुण आला फक्त आठांना. ३१ पैकीं ८! शाळेच्या परीक्षेंत असा निकाल लागला असता तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावें लागलें असतें. परंतु हे विद्यार्थी सर्व परीक्षांत नापास होऊन आलेले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे आठ हा आंकडा मोठा ठरतो. पॅक्लिटॅक्सेलला मग इफॉस्फामाइड व सिसप्लॅटिन यांची जोड देऊन ४६ रोग्यांवर परीक्षा झाली, आणि २००५ च्या अहवालांत ३२ जणांचा रोग पूर्ण नाहींसा झाल्याचें नमूद आहे.

पण हा आंकडा वाचतांना सावध असावें. हे ४६ जण पारखून घेतलेले होते. ज्यांचें मूळ अर्बुद वृषणांतील होतें व ज्यांना पहिल्या उपचारानें चांगला गुण येऊन नंतर रोग उलटला होता, असेच त्यांत होते. प्रवेशाच्या वेळींच हुशार मुलें निवडणाऱ्या शाळेचा निकाल नव्वद टक्के लागला, तर त्यांतील किती श्रेय मास्तरांचें आणि किती निवडीचें? औषधांच्या जाहिराती वाचतांना हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात.

हीच अडचण दुसऱ्या एका उपचारांत अधिक प्रखर झाली. रोग्याच्या रक्तांतील मूळ पेशी आधीं काढून शीतगृहांत ठेवावयाच्या, मग अस्थिमज्जा नष्ट होईल इतकी जबर मात्रा द्यावयाची, आणि नंतर त्या पेशी परत शिरेंतून सोडावयाच्या, असा हा उपचार. इंडियानामध्यें १८४ रोग्यांना तो दिला. २००७ च्या अहवालाप्रमाणें ११६ जण रोगमुक्त झाले व अहवालाच्या काळापर्यंत तसेच राहिले. तिघे उपचारानेंच दगावले, आणखी तिघांना पुढें रक्ताचा कर्करोग जडला. ११६ हा आंकडा पाहून कोणीही म्हणेल कीं हाच उपचार सर्वांना द्या. परंतु युरोपांत २८० रोग्यांची चिठ्ठ्या टाकून वांटणी करून घेतलेल्या परीक्षेंत, शेवटची एक मात्रा जबर दिलेले आणि सर्व मात्रा नेहमींच्या घेतलेले, यांच्या जगण्यांत फरक दिसला नव्हता. तो निकाल २००५ चा. जबर मात्रेचे कैवारी म्हणतात, एकच मात्रा पुरेशी नव्हती, इंडियानांत दोन दिल्या. विरोधक म्हणतात, इंडियानांत तुलनेला दुसरा गट कोठें होता? दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. म्हणून २०१५ सालीं अमेरिका व युरोप यांनीं मिळून टायगर नांवाची परीक्षा मांडली. तींत पहिल्या उपचारानंतर रोग उलटलेल्या रोग्यांची चिठ्ठीनें वांटणी केली. एका गटाला वर सांगितलेलीं तीन औषधें नेहमींच्या मात्रेनें, दुसऱ्याला तीन जबर मात्रा. ४२० रोगी घ्यावयाचे असें ठरलें होतें.

माणसाचा उपचार चिठ्ठी टाकून ठरवावा, हें ऐकून कानांस बरें वाटत नाहीं. मला स्वतःला मात्र तें निष्ठुर वाटत नाहीं. दोहोंपैकीं कोणता उपचार चांगला हें जगांत कोणालाच निश्चित ठाऊक नसेल तरच चिठ्ठी टाकण्याचा अधिकार पोंचतो. ठाऊक असेल तर ती टाकणें गुन्हा आहे. डॉक्टरच्या मनाप्रमाणें वांटणी झाली, तर अशक्त रोगी आपोआप सौम्य गटांत जातात आणि तुलना पहिल्याच दिवशीं बिघडते.

चिठ्ठी काढण्यापूर्वीं रोग्याची संमति लागते, आणि ती समजून दिलेली असावी लागते. आपल्याकडे २००९ पासून औषधांच्या अशा परीक्षांची सार्वजनिक नोंद सक्तीची झाली, आणि २०१९ च्या नियमांनीं परीक्षेमुळें इजा झाल्यास विनामूल्य उपचाराची व भरपाईची तरतूद केली. संमतिपत्र रोग्याला समजणाऱ्या भाषेंत असलें पाहिजे. मराठी माणसापुढें इंग्रजी कागद सरकवून "येथें सही करा" असें कोणी म्हणालें, तर सही करूं नये. मराठी प्रत मागावी, ती घरीं नेऊन वाचावी, आणि विचारावें: ही परीक्षा मात्रेची आहे, गुणाची आहे, कीं तुलनेची? पूर्वीं किती रोग्यांना हें औषध दिलें, आणि ते कसे निवडले होते? पुढें मूल व्हावें अशी इच्छा असेल तर औषध सुरू होण्यापूर्वीं वीर्य साठवून ठेवण्याची सोय आहे काय? सही केल्यावरही रोगी कोणत्याही दिवशीं परीक्षेंतून बाहेर पडूं शकतो. त्याचें कारण सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, आणि तो बाहेर पडला म्हणून नेहमींचा उपचार त्याला नाकारतां येत नाहीं.