पेठ वसते कशी? पुणें शहराच्या वाढीचीं कारणें व अडचणी

शहरें आपोआप वाढतात, अशी एक समजूत रूढ आहे. २००७ च्या सुमारास जगाची निम्मी वस्ती नागरी झाली, तेव्हांपासून तर ती अधिकच दृढ झालेली दिसते. तथापि जुने कागद पाहणारास ती मान्य होण्यासारखी नाहीं. मँचेस्टर कापडाच्या गिरण्यांनीं वाढलें. तेथें धंद्यामागें वस्ती गेली. पुण्यास आधीं राजसत्ता आली व धंदा तिच्या मागून आला.

थोरल्या बाजीरावांनीं १७३० त शनिवारवाड्याचा पाया घातला. पुढें सरदार, कारकून व शिलेदार यांचीं बिऱ्हाडें येथें पडलीं. फौजेच्या खर्चास कर्ज देणारे सावकार आले. श्रावणमासच्या दक्षिणेसाठीं दूरदूरचे विद्वान् येऊं लागले. परंतु एवढ्यानें पेठ वसत नाहीं. त्यासाठीं सरकारांतून शेटे-महाजनांस कौल दिला जाई व उदमी लोकांस कांहीं वर्षें करांची सूट मिळे. सदाशिव, नारायण व नाना या पेठांचीं नांवें दरबारांतील पुरुषांवरून पडलीं, हेंहि या दृष्टीनें सूचक आहे.

वस्तीबरोबर अडचणी वाढल्या. पहिली पाण्याची. ती दूर करण्यास नानासाहेबांनीं १७५० च्या सुमारास कात्रजास तलाव बांधून, केवळ उताराच्या बळावर वाहणाऱ्या भुयारी नळानें शहरांतील हौदांस पाणी आणिलें. दुसरी बंदोबस्ताची. कोतवालाच्या अधिकारास आळा न राहिल्यास काय होतें, हें १७९१ त घाशीरामाच्या अंतानें दिसून आलें. तिसरी सर्वांत खोल. ती ही कीं, शहराचें पोट दरबारावर होतें. १८०२ ची होळकरांची स्वारी व पाठोपाठचा दुष्काळ यांनीं तें खंगलें. १८१८ त राज्य गेलें, तेव्हां आश्रितांचा आधार तुटून वस्ती ओसरली. पुढें इंग्रजांची छावणी व १८५८ त आलेली आगगाडी यांनीं तें पुन्हां सांवरलें.

या हकीकतीची सरकारी बाजू पेशवे दफ्तरांत सांपडते. परंतु नवा रहिवासी कोणत्या गांवचा, त्यानें जागा कोणापासून घेतली, अडचणींत ती कोणाकडे गहाण टाकिली, हें खासगी रुमालांतील खरेदीखतें, गहाणखतें व वांटणीपत्रें यांवरूनच कळावयाचें. राजकारणी पत्रें जपून ठेवावीं व हीं खतें किरकोळ म्हणून रद्दींत घालावीं, असा प्रघात पुष्कळ ठिकाणीं आहे. आमचें मत याच्या उलट आहे. खतांतील चतुःसीमेंत शेजाऱ्यांचीं नांवें येतात. लगतच्या घरांचीं खतें एकमेकांस जुळविलीं म्हणजे गल्लीच्या गल्ली पुन्हां उभी करितां येते. मधलें एक खत गेलें कीं तो दुवा तुटतो, आणि दुसऱ्या कोणत्याहि कागदानें तो सांधतां येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, एका घराण्याचा रुमाल फोडून विकूं नये. विकणें अपरिहार्यच झालें, तर पेठेचें नांव, मिति, चतुःसीमा, उभय पक्षांचे मूळ गांव व साक्षीदार यांची नोंद करून छायाप्रत तरी ठेवावी. पेठा कौलानें वसल्या. त्यांचा इतिहास या खतांनींच टिकावयाचा आहे.